जमिनीखालचे काम : महामार्गावरील पुलांचे पाईल आणि आपले कारागीर

तुळजापुराहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचतो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम औसा–चाकूर, चाकूर–लोहा, लोहा–वारंगा अशा टप्प्यांत हाती घेण्यात आले. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि त्याला जोडण्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाने जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आखला आहे. मांजरा, मन्याड, गोदावरी, पैनगंगा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे ज्या पट्ट्यात आहेत, तेथे रस्ता म्हटला की पूल आलाच. पूल म्हटला की पाया आला.

पुलाच्या साईटवर उंच डोलकाठीची एक गाडी उभी दिसली की आपल्याकडचा माणूस तिला बोअरची गाडी समजतो. मराठवाड्याला बोअर नवा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरला तर मुळीच नाही. परंतु बोअरची गाडी साडेसहा इंचांचे भोक पाडते आणि ही गाडी एक-सव्वा मीटर व्यासाचे पाडते. एक पाणी शोधते, दुसरी खडक शोधते. तिच्या कामाला पाईलिंग म्हणतात. या कामाची माहिती आपल्या वाचकांना, विशेषतः सेंटरिंग, सळई, वेल्डिंग आणि लहान ठेकेदारीत असलेल्या बांधवांना व्हावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत. या धंद्यात रोजगार आहे आणि नफाही आहे. पण न समजता शिरणाऱ्याचे भांडवल जमिनीत कसे जाते, हेही सांगणे आवश्यक आहे.

पाईल कोठे लागते?

पुलाचा पाया मुख्यतः तीन प्रकारचा असतो. खडक जवळ असेल तर खड्डा खणून खडकावरच काँक्रीटचे बैठे पाय टाकतात. हा उघडा पाया. नदीच्या पात्रात वाळू आणि गाळ खोलवर असेल तर काँक्रीटची पोकळ विहीर बांधून ती आतून उपसत खाली उतरवीत नेतात. हा विहिरीचा पाया. तिसरा प्रकार पाईलचा. जमिनीत खोल भोक पाडून त्यात सळईचा पिंजरा सोडायचा व काँक्रीट भरायचे. असे चार, सहा किंवा अधिक खांब एकत्र बांधून त्यांच्या डोक्यावर जाड काँक्रीटची टोपी बसवायची. तिला पाईल कॅप म्हणतात. या टोपीवर पुलाचा दिसणारा खांब उभा राहतो.

आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी खडक वर असतो, त्यामुळे सर्वच पूल पाईलवर नसतात. परंतु नदीकाठी काळी माती व गाळ जाड असतो, कोठे पाणी इतके असते की उघडा खड्डा कोरडा राहत नाही, तर कोठे शेजारून वाहतूक चालू असल्यामुळे मोठा खड्डा घेता येत नाही. अशा जागी पाईलशिवाय गत्यंतर नसते.

येथील जमिनीचा स्वभाव

आपल्याकडे विहीर खणणारे लोक इंजिनिअरिंगची पुस्तके न वाचताही जमिनीचे थर ओळखतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर-पांढरी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. हे सारे दख्खनच्या लाव्हाचे थर होत. लाव्हा एकदाच वाहिला नाही. एका थरावर दुसरा असे अनेक थर साचले, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबडी, मऊ माती राहून गेली. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर–बिलोलीच्या बाजूला, हा काळा खडक संपून ग्रॅनाइट लागतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन जातींचे खडक आहेत.

पाईलिंगमध्ये सर्वात मोठी फसगत याच ठिकाणी होते. गिरमिट खडकाला लागले, आवाज बदलला, मशीन थरथरू लागले की नवखा मुकादम म्हणतो, "लागला खडक, थांबवा." पण तो कठीण थर दोन मीटरच जाड असला आणि त्याच्याखाली तांबडी माती असली तर? पुलाचा सगळा भार एका पातळ फरशीवर ठेवल्यासारखे होईल. सबब काम सुरू करण्याआधी पुलाच्या प्रत्येक खांबाच्या जागी बारीक व्यासाचे तपासणीचे बोअर घेतात आणि पाईलचा तळ जेथे यायचा त्याच्याही खाली काही मीटर जाऊन खडकाचे नमुने काढतात. हे दगडी दंडगोल लाकडी पेटीत क्रमाने मांडून ठेवतात. मातीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडून ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले हे मोजतात. ही पेटी आणि ठोक्यांचा तक्ता म्हणजे जमिनीची कुंडली होय. जो ठेकेदार ती न पाहता दर देतो तो डोळे झाकून सौदा करतो.

काळ्या मातीचा दुसरा अवगुण सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाईलचा भार या मातीवर कधीच टाकीत नाहीत. माती ओलांडून, मुरूम ओलांडून पाईलचे टोक पक्क्या खडकात काही अंतर रुतवतात. खडक जितका मऊ, तितके हे रुतवणे अधिक. नुसती खोली म्हणजे मजबुती नव्हे. आठ मीटरचे पाईल पक्क्या खडकात रुतले असेल तर ते मातीत लोंबकळणाऱ्या वीस मीटरच्या पाईलपेक्षा भरवशाचे.

पूर आणि भूकंप

पुलाच्या पायाला दोन शत्रू आहेत. पहिला पूर. पाणी वेगाने खांबाभोवती वळसे घेते आणि तेथील माती-वाळू खरवडून नेते. पूर ओसरल्यावर तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. पुलांच्या नियमांत खांबाजवळ ही खरवड सरासरीच्या दुप्पट धरून पाया त्याखाली नेण्याची पद्धत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल महापुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन बसगाड्या गेल्या. आपल्या भागातही ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या परिसरातील गावे पुराने वेढली गेली, आणि सप्टेंबरमध्ये मांजरेच्या खोऱ्याने पूर पाहिला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात पुराचा हिशेब ढिला ठेवून चालणार नाही.

दुसरा शत्रू भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर जिल्हा विसरू शकत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तोवर हा भाग सरकारी नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात लातूरचा भाग तिसऱ्या विभागात आला. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली परिसरातील धक्के नांदेडपर्यंत जाणवले. भूकंपात पाईलला वरून भार तर असतोच, पण आडवा हिसकाही बसतो, आणि तो पाईलच्या वरच्या भागात, टोपीजवळ, अधिक जाणवतो. म्हणून तेथे सळईच्या रिंगा जवळ-जवळ बांधायच्या असतात. ड्रॉइंगमध्ये दहा सेंटिमीटरवर रिंग दाखविली असेल आणि फिटरने वेळ वाचविण्यासाठी वीसवर बांधली, तर त्याने फक्त लोखंड वाचविले नाही, किल्लारीचा धडा पुसून टाकला.

पाईल कसे होते?

आता प्रत्यक्ष काम पाहू. प्रथम आखणी करून जागेवर लोखंडी नळकांडे, म्हणजे केसिंग, वरच्या मातीत उतरवतात. त्यामुळे तोंडाशी माती ढासळत नाही. मग मशीन खणू लागते. खाली ढासळणारी माती किंवा वाळू असेल तर भोकात बेंटोनाईटचे पाणी भरून ठेवतात. बेंटोनाईट ही एक प्रकारची चिकणमाती असून आपल्या देशात ती मुख्यतः कच्छमधून येते. तिचे पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडे जड असते. ते भोकाच्या भिंतींना आतून दाबून धरते आणि भिंतीवर पातळ साय धरते.

खडक लागला की वर येणारा भुगा व खडे इंजिनिअरने पाहून तपासणीच्या बोअरशी ताडून पाहायचे असतात. ठरलेले रुतवणे झाले की तळ धुऊन काढतात. ही धुलाई अतिशय महत्त्वाची. तळाशी दहा सेंटिमीटर चिखल राहिला तर काँक्रीट खडकावर न बसता चिखलावर बसते, आणि पूल उभा राहिल्यावर पाईल तेवढे खाली बसते. एवढ्याशा आळसाने सगळी खोदाई वाया जाते.

मग सळईचा पिंजरा क्रेनने सोडतात. पिंजरा भिंतीला टेकू नये म्हणून काँक्रीटचे गोल ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, बांधलेले असतात. सळईबाहेर ७५ मिलिमीटर काँक्रीट राहावे हा त्यांचा उद्देश. त्यानंतर ट्रेमी नावाची लोखंडी नळी थेट तळापर्यंत उतरवून तिच्यातून काँक्रीट सोडतात. काँक्रीट तळाशी साचत वर येते आणि बेंटोनाईटच्या पाण्याला वर ढकलत बाहेर काढते. या नळीचे तोंड भरलेल्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेलेच राहिले पाहिजे. घाई करून नळी वर ओढली आणि तोंड काँक्रीटच्या बाहेर आले, तर मध्येच चिखलाचा थर अडकतो. वरून पाईल अखंड दिसते, आतून तुटलेले असते. काँक्रीटही खंड न पडता आले पाहिजे. येथे व्हायब्रेटर चालत नाही, म्हणून काँक्रीट पातळसर, आपोआप पसरणारे लागते. पण ते पातळ करण्यासाठी साईटवर पाईपने पाणी मारणे हा गुन्हा समजावा. ते काम रसायनाने प्लांटवरच झाले पाहिजे.

सर्वात वर येणारे काँक्रीट चिखल मिसळल्यामुळे कच्चे असते. म्हणून ठरलेल्या उंचीपेक्षा अर्धा ते एक मीटर अधिक भरतात व नंतर फोडून टाकतात. मग पाईलच्या डोक्यावर लहान हातोडी मारून लहरीच्या परतण्यावरून ते अखंड आहे की नाही पाहतात. काही निवडक पाईलवर ठरलेल्या भाराच्या दीडपट भार देऊन ते किती बसते हे मोजतात. तथापि शंभर पाईलमध्ये भाराची परीक्षा मोजक्यांचीच होते. बाकीच्यांचा भरवसा काम करणाऱ्याच्या हातावर आणि नोंदवहीवर असतो.

हिशेब समजून घ्या

पाईलचा दर सामान्यतः रनिंग मीटरवर ठरतो. इथेच लहान ठेकेदार फसतो. एक उदाहरण घेऊ. सव्वा मीटरच्या आसपास, नेमके १.२ मीटर व्यासाचे आणि १५ मीटर लांबीचे पाईल आहे. त्याचे काँक्रीट सुमारे १७ घनमीटर होते. सहा घनमीटरच्या मिक्सर गाड्या धरल्या तर जवळजवळ तीन गाड्या. घनमीटरला ४०० किलो सिमेंट धरले तर ६,८०० किलो, म्हणजे १३६ पोती.

आता समजा माती ढासळली आणि भोक १.२ ऐवजी सरासरी १.३ मीटर झाले. दहा सेंटिमीटरचा फरक डोळ्याला जाणवतही नाही. पण काँक्रीट १७ वरून जवळजवळ २० घनमीटरवर गेले. तीन घनमीटर अधिक, म्हणजे सिमेंटचीच २४ पोती, आणि तीही एका पाईलमागे. एका खांबाखाली चार पाईल असतील तर ९६ पोती. बिल मात्र १५ मीटरचेच निघणार. दरात काँक्रीट आपले असेल तर हा फरक आपल्या खिशातून जातो. आणि मग तो भरून काढण्यासाठी रिंगा कमी करण्याचा, तळ न धुण्याचा, रुतवणे अर्ध्यावर थांबविण्याचा मोह होतो. बेइमानीची सुरुवात पुष्कळदा अशा न केलेल्या हिशेबातूनच होते.

म्हणून पेटी कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्या बांधवांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय मशीन हलवू नये. माती, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे हवेत, आणि कठीण खडक कोणत्या कसोटीवर ठरवायचा तेही लिहिलेले हवे. काँक्रीट आणि लोखंड कोणाचे, व जास्त लागणारे काँक्रीट कोणाच्या खाती, हे स्पष्ट हवे. काँक्रीट आले नाही किंवा जागा मिळाली नाही म्हणून मशीन उभे राहिले तर दिवसाचे भाडे कोण देणार? पाईल परीक्षेत नापास झाले तर दोष कोणाचा, हे कसे ठरणार? बिल किती दिवसांत आणि अडवून ठेवलेली रक्कम केव्हा परत मिळणार? कुरआनमधील सर्वात लांब आयत देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदार ठेवण्याविषयी आहे, हे आपण वाचतो. साईटवर मात्र "भाईजान, जबानच पुरे" म्हणून काम सुरू करतो आणि सहा महिन्यांनी एकमेकांचे तोंड पाहत नाही. लिहून घेणे हा अविश्वास नव्हे, दोघांच्याही इज्जतीचे रक्षण आहे.

कोठून सुरुवात करावी?

मोठे मशीन कर्जाने विकत घेऊन या धंद्यात उडी मारू नये असे आमचे मत आहे. काम थांबले तरी हप्ता आणि व्याज थांबत नाही. प्रथम हात शिकावा. पिंजरा बांधणारा फिटर, पिंजऱ्याचे जोड देणारा वेल्डर, रिग चालविणारा ऑपरेटर, हायड्रॉलिकचा मिस्त्री, नोंदवही ठेवणारा सुपरवायझर, या साऱ्यांची साईटला गरज असते. नांदेड-लातूरच्या गॅरेजमध्ये जेसीबी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आपल्या मुलांना हायड्रॉलिकचे अर्धे ज्ञान असतेच. आय. टी. आय. चा फिटर किंवा वेल्डर ट्रेड आणि साईटवरची दोन वर्षे मिळाली तर उरलेले अर्धे येते. थोडे भांडवल असणाऱ्या दोघा-तिघांनी नफा-तोट्याच्या लेखी भागीदारीत फक्त पिंजरा बांधणीचे काम घेतले तरी चांगली सुरुवात होते.

गावात घरे बांधणाऱ्या ठेकेदारांनाही हे ज्ञान उपयोगी आहे. काळ्या मातीतील घरांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फुगीर टोकाचे लहान पाईल विकसित केले. हाताच्या गिरमिटाने साधारण साडेतीन मीटर भोक पाडून तळाशी व्यासाच्या अडीचपट फुगवटा कापतात. हवामानाने माती जेथवर फुगते-आकसते त्याच्याखाली हा फुगवटा बसतो आणि घराच्या भिंतीला तडे जात नाहीत. याला मोठे मशीन लागत नाही. मुरूम वरच असेल तेथे मात्र त्याची गरज नाही, हेही घरमालकाला खरे सांगावे.

कामगारांनी आपल्या जिवाची काळजी घ्यावी. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. पाईलचे उघडे भोक झाकल्याशिवाय सोडू नये आणि क्रेनच्या पिंजऱ्याखाली उभे राहू नये. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ठेकेदाराने आपल्या माणसांना नव्वद दिवसांचा दाखला द्यावा, तो त्यांचा हक्क आहे.

शेवटी एक गोष्ट. भिंतीचा गिलावा वाकडा झाला तर मालक लगेच बोट दाखवितो. पाईल जमिनीत गेले की ते कोणी पाहत नाही. पाईल कॅप पडते, खांब उभा राहतो, डांबर येते, फीत कापली जाते. कोणत्या पाईलचा तळ धुतला आणि कोणत्याचा नाही, हे त्या रात्री साईटवर असलेल्या चार माणसांना ठाऊक असते आणि अल्लाहला ठाऊक असते. मापात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनमध्ये एक स्वतंत्र सूरह आहे. अर्धा मीटर कमी रुतविलेले पाईल हेही माप मारणेच होय, आणि या मापाचा ग्राहक पुढची पन्नास-शंभर वर्षे त्या पुलावरून जाणारा प्रत्येक प्रवासी आहे. त्यात आपलीही मुलेबाळे असतील. आपल्या तरुणांनी हे काम शिकावे, हलाल कमाई करावी, आणि "ह्यांनी केलेले पाईल पुन्हा तपासायला नको" असे नाव मिळवावे. या धंद्यात त्याहून मोठे भांडवल नाही.